पाण्यात करंट आहे

पावसाळ्यात आमच्या कासारवाडीत कुणी "पाण्यात करंट आहे" असं ओरडलं की माणसं टुणकन फुटपाथवर चढतात, पोरांचे दंड धरून त्यांना मागे ओढतात आणि कुणीतरी महावितरणला फोन लावतो. त्यामुळे माझा मेहुणा पोह्यांची बशी हातात घेऊन, "दाजी, पाण्यात करंट असला तरच खरी मजा," असं म्हणाला, तेव्हा ही स्वयंपाकघरातून उलथन्यासकट बाहेर आली.

मेहुणा ड्रिफ्ट डायव्हिंगबद्दल बोलत होता. बेटाच्या कडेने पाण्याखाली प्रवाळाची भिंत असते आणि तिला लागून समुद्राचा प्रवाह वाहतो. आपण पाठीला हवेची टाकी बांधून भिंतीच्या एका टोकाला उडी मारायची, काही न करता वाहत जायचं आणि दुसऱ्या टोकाला वर यायचं. बोट येऊन उचलते. "काही न करता" हे शब्द ऐकून मी सावरून बसलो. माझ्या वयाला आणि गुडघ्यांना साजेसा खेळ पहिल्यांदाच कानावर येत होता.

"वाहतच जायचंय तर पवना काय वाईट आहे? फुकटात होईल," ही म्हणाली.

यावर मेहुणा म्हणाला की पवनेवर जलपर्णी इतकी माजते की वाहत जाण्यापेक्षा वरून चालत जाणं सोपं. हे मात्र आम्हा तिघांनाही पटलं.

आता माझी थोडी माहिती देणं भाग आहे. मी या औद्योगिक पट्ट्यात सव्वीस वर्षं व्हॉल्व्ह तपासण्यात घालवली आहेत. व्हॉल्व्ह बेंचवर चढवायचा, पाणी भरायचं, कामाच्या दाबाच्या दीडपट दाब द्यायचा आणि बघत बसायचं. एक थेंब दिसला की जॉबवर लाल खडू. वाहणारी गोष्ट दिसली की ती बंद कशी करायची, एवढा एकच विचार माझ्या डोक्यात येतो. घरातला नळ मी इतका घट्ट पिळतो की नंतर हिला तो उघडण्यासाठी शेजारच्यांना बोलवावं लागतं. अशा माणसाला वाहून जायला शिकवणं म्हणजे रखवालदाराला चोरी शिकवण्यासारखं आहे.

पोहायला मात्र मला येतं. गावाकडे विहिरीत, पाठीला पत्र्याचा डबा बांधून शिकलो. चाळीस वर्षांनी तारकर्लीला पुन्हा पाठीला डबा आला, पण हा डबा उलट्या स्वभावाचा निघाला. गावचा डबा तरंगवायचा. इथे डब्याबरोबर कमरेला शिशाची वजनं बांधतात, म्हणजे माणूस नीट बुडावा. तारकर्लीला एमटीडीसीची स्कूबा शिकवणारी संस्था आहे, सरावासाठी खास खोल तलाव आहे. मालवणला किल्ल्याजवळ पर्यटकांना पाण्याखाली नेतात तो प्रकार वेगळा. तिथे मांजर पिल्लाला धरतं तसा एक पोरगा मागून तुम्हाला धरून असतो आणि तुम्ही फोटोसाठी बोटं दाखवता. संस्थेत रीतसर अभ्यास, लेखी परीक्षा आणि समुद्रातल्या चार बुड्या झाल्या की १८ मीटरपर्यंत जाण्याचा परवाना. लेखी परीक्षेत मला पैकीच्या पैकी मिळाले. दर दहा मीटरला एक बार दाब वाढतो, हे मला शिकवायची गरज नव्हती. चिंता एवढीच होती की बॉडीची हायड्रो टेस्ट झालेली नव्हती. माझ्या बॉडीची.

"खरा करंट बघायचा तर आंग्रिया बँक," तिथे कुणीतरी म्हणालं. "पण ती बुडालेली आहे."

बुडालेली बँक म्हटल्यावर आमच्या भागात माणसाचा हात आधी पासबुकाकडे जातो. नंतर कळलं की हे कान्होजी आंग्र्यांच्या नावाचं प्रवाळांचं पठार आहे, किनाऱ्यापासून शंभरएक किलोमीटर आत, आणि त्याचा माथासुद्धा पाण्याखाली वीसेक मीटर. तिथे शास्त्रज्ञांच्या मोहिमा गेल्यात, रोजच्या सहली जात नाहीत. परवाना १८ मीटरचा आणि बँकेचा माथाच २० मीटरवर, म्हणजे खातं उघडायलाही जागा नव्हती. मेहुण्याने मालदीवची तिकिटं काढली.

मालदीव म्हणजे ११९२ बेटं आणि देशाची लोकसंख्या ५ लाखांच्या आसपास. आमच्या पिंपरी-चिंचवडची २०११ च्या जनगणनेतच १७ लाखांवर होती. ही आकडेवारी मी विमानात हिला सांगितली. ती म्हणाली, "म्हणून तिथलं पाणी निळं आहे."

विमानतळ स्वतःच एक बेट. दाराबाहेर रिक्षांच्या जागी बोटी, आणि आश्चर्य म्हणजे कुणी बाही ओढत नव्हतं. स्पीडबोटीने वावू अटॉलमधल्या फुलिधू नावाच्या बेटावर पोचलो. पंचतारांकित बेटं वेगळी. ही स्थानिक वस्तीची. २००९ नंतर अशा बेटांवर घरगुती गेस्टहाऊसला परवानगी मिळाली, म्हणून आमच्यासारख्यांचं फावलं. मशीद, शाळा, वाळूचे रस्ते, झाडाला टांगलेल्या जाळीच्या खुर्च्या. दारू नाही. त्यामुळे मेहुणा दोन दिवस जरा गंभीर होता.

हिला मात्र माहेरी आल्यासारखं वाटलं. सकाळी ताटात आली रोशी, म्हणजे आपली पोळीच, आणि मस हुनी: ट्यूना, खवलेला नारळ, कांदा, मिरची, लिंबू. मस म्हणजे मासा. बोटीला म्हणतात धोनी; आपल्याकडे कोकणात डोणी म्हणतात तीच. आमचा गाइड उडीच्या आधी आकडे मोजायचा, "एके, धे, तिने," तेव्हा हिने मला विचारलं, "अहो, हा मूळचा मालवणचा का?"

आता करंट कुठून येतो ते सांगतो, कारण हा भाग मला कळतो. अटॉल म्हणजे समुद्रात ठेवलेली काठाची परात. काठ प्रवाळाचा, आत शांत पाणी, आणि काठाला मध्ये मध्ये खिंडी. खिंडीला तिकडे कंडू म्हणतात. भरतीला एवढं पाणी आत शिरणार कुठून? या कंडूंमधूनच. वाट अरुंद झाली की वेग वाढला. पाइपमध्ये ऑरिफिस प्लेट बसवल्यावर होतं तेच. त्यात डिसेंबर ते एप्रिल ईशान्येचा वारा असतो, तो पाणी पूर्वेकडून ढकलतो, म्हणजे या महिन्यांत पूर्वेच्या कंडूंना जोर. बाहेरच्या महासागराचं पाणी आत येतं तेव्हा काचेसारखं दिसतं; ओहोटीला आतलं बाहेर निघालं की गढूळ. आणि या कंडूंच्या तोंडाशी शार्क उभे असतात. तिथल्या सरकारने २०१० मध्ये शार्कच्या शिकारीवर बंदी घातल्यामुळे ते निर्धास्त उभे असतात. मियारु म्हणजे शार्क, आणि त्याच अटॉलमध्ये एका खिंडीचं नावच मियारु कंडू आहे. गाइडने आमचे परवाने बघितले, माझं पोट बघितलं आणि शांतपणे सांगितलं की तिकडे तुम्हाला नेणार नाही. तुमच्यासाठी बाहेरची भिंत, मध्यम प्रवाह, एक नॉटच्या आतबाहेर.

एक नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर. सकाळी नऊ वाजता नाशिक फाट्यावर मोटारीसुद्धा याहून हळू जातात. मी म्हटलं, एवढंच ना?

उडीचाही एक शिरस्ता असतो. जॅकेटमधली हवा आधीच काढून टाकायची, सगळ्यांनी एकदम पडायचं आणि थेट खाली जायचं. वर रेंगाळलात तर प्रवाह एकेकाला वेगवेगळ्या गावाला पोचवतो. एके, धे, तिने. पडलो. नाक दाबलं, कान सुटले, पुन्हा दाबलं. पंधरा मीटरवर भिंत दिसली. बघतो तर भिंत चालली होती.

मला खात्री होती की मी उभा आहे आणि प्रवाळच लोकलसारखे सुटले आहेत. पंखे, कपारी, जांभळे गोळे, एक भलंमोठं कासव, सगळं डावीकडून उजवीकडे निघालेलं. मग डोक्यात सव्वीस वर्षांची घंटी वाजली. वाहतंय! थांबवा! मी उलटा वळलो आणि पाय मारायला लागलो. पाय मारतोय, मारतोय, आणि तेच कासव माझ्याकडे बघत बघत लांब जातंय. एक नॉट काय असतो ते तेव्हा कळलं. मोटारीतून तो दिसत नाही.

धाप लागली म्हणून हवेचा गेज बघितला. काटा १२० वर. आता आमच्या खात्यात गेजचा काटा पाहिला की त्यावर नखाने दोन टिचक्या मारायच्या असतात. काटा अडकला असेल तर सुटतो, रीडिंग खरं येतं. ही सवय हाडात गेलेली. मी टिचक्या मारल्या. दोन. मग खात्रीसाठी अजून दोन.

पाण्याखाली कुणी वटारलेल्या डोळ्यांनी गेजवर बोट आपटत असेल, तर बघणाऱ्याने काय समजावं? गाइड बाणासारखा आला, त्याने माझ्या जॅकेटचा पट्टा धरला आणि स्वतःचा जादा रेग्युलेटर माझ्या तोंडासमोर धरला. मी मान हलवली, नको. तो म्हणाला, म्हणजे खुणेने म्हणाला, घ्या. मी नको. लग्नाच्या पंगतीत जिलबीचा आग्रह चालतो तसं हे आमचं प्रवाहातून वाहत वाहत चाललं होतं. शेवटी त्याने माझा गेज स्वतः बघितला, माझ्याकडे बघितलं आणि डोळे मिटले. समुद्रात डोळे मिटलेला गाइड मी तेवढा एकच पाहिला.

मग त्याने एक साधी गोष्ट केली. माझे दोन्ही हात माझ्याच पोटावर एकात एक अडकवले. कीर्तनाला बसल्यासारखे. आणि तळहाताने खूण केली: गप.

मी गप राहिलो. सांगायला सोपं आहे. पाय आपोआप हलतात, हात कशाला तरी धरायला जातात आणि धरायला फक्त जिवंत प्रवाळ असतात, त्यांना हात लावायचा नसतो. दोन-तीन मिनिटांनी मात्र श्वास लांबला. भिंत संथपणे सरकत होती. एका सुळक्यापाशी पिवळ्याधमक माशांचा थवा होता, अंगावर चार निळ्या रेघा, शंभर तरी असतील. सगळ्यांची तोंडं प्रवाह येतो त्या दिशेला. समोरून पाण्याबरोबर खाऊ येतो म्हणून ते तसे तोंड करून एका जागी तरंगत असतात. पहाटे सहाला नाशिक फाट्याच्या पुलाखाली पहिल्या पाळीची माणसं कंपनीच्या बसकडे डोळे लावून अशीच उभी असतात, डबा धरून, एकही मान दुसरीकडे वळलेली नाही. मी त्यांच्या समोरून पाठमोरा वाहत गेलो. एकानेही दखल घेतली नाही. मला ओळखीचं वाटलं.

गाइडपाशी एक आकडाही होता. लोखंडी हूक, त्याला दोरी. तो मेलेल्या खडकात अडकवायचा, दोरी जॅकेटला लावायची आणि पतंगासारखं करंटमध्ये लटकत राहायचं. त्याने एका जागी आम्हाला असं पाच मिनिटं लटकवलं. खाली दूर निळ्यात दोन करडे शार्क येरझाऱ्या घालत होते. माझं लक्ष निम्मं शार्ककडे आणि निम्मं आकड्याकडे. आकडा टाकून करंट घेणं म्हणजे आमच्याकडे सरळ वीजचोरी. भरारी पथक येतं.

वर येताना पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायचं असतं, अंगात मुरलेला नायट्रोजन सावकाश सुटावा म्हणून. प्रवाहात थांबायचं म्हणजे वाहत वाहतच थांबायचं. तेव्हा गाइडने एक लांबडा नारिंगी फुगा हवा भरून वर सोडला, म्हणजे डोणीवाल्याला कळावं की मंडळी इथे निघणार. खरं कौशल्य या डोणीवाल्याचं. तो चाळीस मिनिटं बुडबुड्यांचा माग काढत मागे मागे येतो. ड्रिफ्टमध्ये परत उडीच्या जागी जाणं नाही, नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवल्यासारखा एकतर्फी कारभार. बोट आली नाही तर पुढचं बेट, आणि तेही असलं तर.

डोणीत ही डब्यातला चिवडा तिथल्या पोरांना वाटत बसली होती. मला शिडीवरून वर ओढलं तेव्हा ती बराच वेळ मागे, जिथे उडी मारली होती तिकडे बघत होती. मग म्हणाली, "तिकडे बुडालात आणि इकडे निघालात. खालून रस्ता आहे का?"

"आहे ना ताई," मेहुणा म्हणाला, "आणि सिग्नल नाही."

माझ्या टाकीत ६० बार उरले होते, मेहुण्याच्या ९०, गाइडच्या १३०. तपासणी खात्याच्या भाषेत सांगायचं तर रिवर्क. पुढच्या तीन दिवसांत सहा बुड्या झाल्या आणि शेवटच्या वेळी माझे ८५ उरले. गेजला टिचकी एकदाही मारली नाही. हात पोटावरच ठेवले.

परत आल्यावर आठवड्याने पुण्याहून संध्याकाळची लोणावळा लोकल पकडली. एरवी कासारवाडीला उतरायचं तर दापोडी सुटायच्या आधीच कोपर काढून दाराकडे सरकायला लागतं. त्या दिवशी मी गर्दीत हात पोटावर बांधले, श्वास लांब घेतला आणि अंग सैल सोडलं. खरंच छान वाटलं. खडकी गेलं, दापोडी गेलं. कासारवाडीच्या फलाटावरचे दिवे डावीकडून उजवीकडे संथपणे सरकत गेले.

पिंपरीला बाहेर पडलो. रिक्षावाल्याने मागे जायचे ऐंशी रुपये घेतले.