उंची चपलांसकट

प्लेस्टेशन 5 च्या खोक्यावर पहिली काही वर्षं ‘8के’चा शिक्का होता. 2024 मध्ये तो गाजावाजा न करता गायब झाला. मधल्या काळात त्या यंत्रातून 8के चित्र बाहेर पडताना पाहिलेला माणूस कुणाला भेटला असेल, तर त्याचा जाहीर सत्कार व्हायला हवा.

ग्राहकाने मात्र हे मनाला लावून घेऊ नये. खोक्यावरचे आकडे स्थळाच्या बायोडाटासारखे असतात. सरळ खोटं कुणी लिहीत नाही, फक्त उंची चपलांसकट मोजलेली असते. ‘मोशन रेट 240’वाल्या टीव्हीचा पॅनेल फार तर 120 हर्ट्झचा निघतो, स्वस्तातला असेल तर 60 चा.

‘एचडीएमआय 2.1’ची तर और तऱ्हा. या परवान्याचा कारभार पाहणाऱ्या संस्थेने 2021 मध्येच सांगून टाकलं, की 2.0 असं आता काही उरलं नाही आणि 2.1 मधल्या नव्या सोयी ऐच्छिक आहेत. म्हणजे सेकंदाला 48 गिगाबिट नेणारा पोर्टही 2.1 आणि 18 गिगाबिटवर धाप लागणाराही 2.1. समता म्हणतात ती हीच.

मग दिवाळीत भिंतीवर टीव्ही चढतो. मागे पोर्ट चार. स्टुलावर उभं राहून, मोबाइलची बॅटरी मारून, गाल भिंतीला घासत वाचलं की कळतं, ‘4के 120’ ही बारीक अक्षरं दोनांवरच आहेत. त्या दोनांपैकी एकावर ‘ई-आर्क’ लिहिलेलं असतं आणि तिथे साउंडबार आधीच ठाण मांडून बसलेला असतो. घरात प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्स दोन्ही असतील, तर आता भावाभावांत वाटणी करा.

‘त्यापेक्षा मॉनिटर घ्या,’ असं सांगणारे शहाणेही असतात. सल्ला वाईट नाही. फक्त 1440पी चा मॉनिटर आधीच घेऊन बसलेल्यांना प्लेस्टेशन 5 ने सप्टेंबर 2022 पर्यंत 1080पी वरच बोळवलं. आणि मॉनिटरवरचं ‘एचडीआर’ बऱ्याचदा नावापुरतंच. उजेड बेताचा, स्टिकर झगझगीत.

एवढा खटाटोप करून 120 हर्ट्झचा पडदा घरी आणावा आणि त्यावर ‘स्टारफील्ड’ लावावा. 2023 मध्ये एक्सबॉक्सवर आला तेव्हा हा गेम सेकंदाला 30 चित्रं दाखवत होता. आपला महागडा पडदा तेच चित्र इमानेइतबारे चार-चार वेळा दाखवतो. पैसे वसूल.

तेव्हा दुकानात तीनच गोष्टी विचारा. पॅनेल मूळचा किती हर्ट्झचा? 4के 120 चालणारे पोर्ट किती, आणि त्यातला ई-आर्कचा कोणता? गेम मोडमध्ये बटण दाबल्यापासून पडद्यावर हालचाल दिसेपर्यंत वेळ किती लागतो? विक्रेता ‘सर, याचा रिमोट आवाजावर चालतो’ म्हणाला, की उत्तर मिळालं असं समजा आणि पुढचं दुकान गाठा.