मामांची दोन हिमायतनगरं

काचीगुडा स्टेशनाबाहेर ऑटोवाल्यानं विचारलं, "कां से आरे?"

"हिमायतनगर."

"जाना कां?"

"हिमायतनगर."

त्यानं माझ्याकडं बघितलं, मग अण्णांकडं, मग अण्णांच्या काखेतल्या ज्वारीच्या पिशवीकडं. मग अगदी हळू आवाजात अण्णांना विचारलं, "बावा, बच्चे की तबियत ठीक है ना?"

दवाखान्यात खरं तर अण्णांना दाखवायचं होतं, तेही डोळ्यांच्या. पण ज्याचा मामा हैद्राबादेत असतो, त्याच्या तब्येतीची चौकशी कधीतरी व्हायचीच.

घोटाळा नावाचा आहे. आमचं हिमायतनगर नांदेड जिल्ह्यात, मुदखेड-आदिलाबाद लाइनीवर. म्हातारी माणसं अजून त्याला वाढोणा म्हणतात. दुसरं हिमायतनगर हैद्राबादेत, लिबर्टी चौकापासून नारायणगुड्याकडं जाताना लागणारा मोहल्ला. त्याला नाव मिळालं सातव्या निजामाच्या थोरल्या शहजाद्याचं, हिमायत अली खान आझम जाह यांचं. आपल्या वाढोण्यालाही तेच चिकटलं, असं मामा छातीवर हात ठेवून सांगतात. या शहजाद्याची दुसरी गोष्ट मामांना त्याहून आवडते. 1967 साली निजाम गेला, तेव्हा वारसा या थोरल्याला डावलून थेट नातवाकडं, मुकर्रम जाहकडं गेला. "नाव ठिकठिकाणी अन् बूड कुठंच नाही," मामा म्हणतात आणि स्वतःच्याच विनोदावर जरा जास्त वेळ हसतात.

देगलूर, धर्माबाद, बिलोली, भोकर, कुठंही जा. चार घरांमागं एक हैद्राबादवाले मामा निघतातच. एकेकाळी ही राजधानीच होती आपली. 17 सप्टेंबर 1948 ला संस्थान भारतात आलं आणि 1 नोव्हेंबर 1956 ला मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात गेला. मामांच्या भाषेत ही भावकीतली वाटणी. शेत आपल्याकडं आलं, दिवाणखाना तिकडं राहिला. त्या दिवाणखान्यात बसायला मामा 1990 साली एका कचेरीत कारकून म्हणून गेले आणि तिथंच निवृत्त झाले. दोन खोल्यांचं घर. त्यात वर्षभर कुणाचा मोतीबिंदू, कुणाचं हृदय, कुणाचा मुलाखतीला आलेला पोरगा. मृगाला तर विचारूच नका. बत्तिनी घराण्याचं दम्यावरचं माशाचं औषध घ्यायला नामपल्लीच्या नुमाइश मैदानावर जाणारे आदल्या रात्रीच मुक्कामाला येतात आणि दोन्ही खोल्या आळीपाळीनं खोकतात. मामींनी आजवर एका शब्दानं तक्रार केली नाही. शब्दानं नाही, भांड्यांनी केली.

मामांची ओळख पटवायची खूण सोपी आहे. ते कधीच असतील त्या गावचे नसतात. वाढोण्यात आले की दखनी फाडतात. "नक्को", "हौ", "कायकू परेशान होते मियाँ". पारावरच्या म्हाताऱ्यांना वाटतं, नवाबच उतरला. हैद्राबादेत मात्र ठणठणीत नांदेडी मराठी, तीही समोरच्याला कळो न कळो. "कळतंय त्यांना. त्यांच्या बोलीतला 'नको' आपला, 'ऐसाच'मधला 'च' आपला. भाडं मागितलं तर अर्ध्या गावाला घरं खाली करावी लागतील." भाषाशास्त्रात हे बऱ्यापैकी मान्य आहे, भाड्याचा भाग सोडून.

ती रात्र 2025 च्या मार्चमधली. महाशिवरात्र 26 फेब्रुवारीला झाली होती, गावात परमेश्वराच्या यात्रेचे पाळणे अजून उतरले नव्हते आणि इकडं रमजान लागला होता. अण्णांच्या डोळ्यात थेंब टाकून त्यांना झोपवलं. दहा वाजता मामा म्हणाले, "चल, एक चहा पिऊन येऊ."

मामींनी घराची किल्ली दिली. मामांकडं नाही, माझ्याकडं. तेव्हाच ओळखायला पाहिजे होतं.

चहा म्हणजे चारमिनारला. स्कूटर नारायणगुड्यावरून कोठीला, तिथून मोअज्जम जाही मार्केटला. दगडी, घड्याळाच्या मनोऱ्याची ही मंडई 1935 ची, धाकट्या शहजाद्याच्या नावाची. "धाकट्याला मंडई, थोरल्याला आपण," मामा म्हणाले. तिथलं सीताफळाचं आइस्क्रीम मला खायला लावलं आणि शेवटचा चमचा तोंडात असताना सांगितलं, "आपल्या बालाघाटातल्या सीताफळाची सर नाही." हेच मामा बालाघाटातलं सीताफळ खाताना मोअज्जम जाहीचं आइस्क्रीम आठवून डोळे मिटतात.

नया पुलावर स्कूटर थांबली. मुसी नदी आली की मामांना 1908 चा पूर सांगावाच लागतो. 28 सप्टेंबर. हजारो माणसं वाहून गेली आणि उस्मानिया दवाखान्याच्या आवारातल्या चिंचेच्या झाडावर चढलेली दीडशेच्या आसपास माणसं वाचली. मामांच्या तोंडून हा आकडा मी दोनशेपासून चारशेपर्यंत ऐकलेला आहे. पुराला शंभर वर्षं होऊन गेली तरी झाडावर माणसं चढायलीच आहेत.

पत्थरगट्टीपासून पुढं पाय ठेवायला जागा नव्हती. रात्रीचे बारा वाजलेले. पण अत्तर, शेवया, खजूर, चपला, पोरांचे कुर्ते, सगळ्यांवर दिवे आणि सगळ्यांचा ओरडा. मध्ये 1591 पासून उभा असलेला चारमिनार, आताच आंघोळ करून आल्यासारखा. मी तोंड उघडून बघतोय तोवर मामा म्हणाले, "ही काय गर्दी? आपल्या यात्रेत ये कुस्त्यांच्या दिवशी."

मी म्हटलं, "मामा, मागल्या यात्रेत तुम्हीच म्हणला होतात, ही काय गर्दी, चारमिनारला या रमजानात."

"ते तिथं म्हणलो होतो," मामा म्हणाले. यावर वाद घालता येत नाही.

आता हलीम. मामा माळकरी. गळ्यात तुळशीची माळ, एकादशी चुकत नाही. हलीम त्यांनी जन्मात चाखलेलं नाही, आणि त्याविषयी त्यांच्याइतकं जाणणारा माणूस त्या रस्त्यावर नव्हता. गहू, मटण, डाळी, तूप. भट्टीवर दहा-बारा तास. दोघांनी दोन बाजूंनी लाकडी घोटण्यानं घोटायचं. 2010 ला त्याला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा मामांनी कचेरीत पेढे वाटले होते. माझ्यापुढं वाटी आली आणि परीक्षा सुरू झाली.

"दाणा लागायलाय का?"

"नाही."

"लागायला नाही पाहिजे. तार सुटायली का?"

"सुटतेय."

"आता लिंबू. थांब, आधी तळलेला कांदा. आता सांग, पोटात उतरताना कसं वाटायलंय?"

सांगितलं. मामांनी डोळे मिटून ऐकलं, आवंढा गिळला आणि माळेला हात लावला. शेजारच्या दुकानदारानं त्यांच्याकडंही वाटी सरकवली. "नको," मामा म्हणाले. त्याला बरोबर कळलं.

चहा शेवटी दीड वाजता झाला. मक्का मशिदीजवळच्या इराणी हॉटेलात. "आपली नेहमीची जागा," मामा म्हणाले, "सगळे ओळखतात." वेटरनं त्यांच्याकडं न बघता दोन कप आपटले. दूध वेगळं आटवलेलं, चहाचं पाणी वेगळं दमवलेलं, दोन्हींची गाठ कपातच पडलेली. सोबत उस्मानिया बिस्किट, अर्धं गोड अर्धं खारट. मामांच्या स्वभावाचं वर्णन करायला मला याहून चांगली वस्तू सापडलेली नाही, पण हे त्यांना सांगितलेलं नाही.

ओळखणारा एकच भेटला. लाड बाजारात मामींसाठी लाखेच्या बांगड्या बघायला थांबलो. दुकानदारानं मान वर केली आणि नोकराला म्हणाला, "रख दे अंदर. उनो हर साल आते, पूछते, जाते." मामांचा चेहरा खुलला. "बघ! म्हणलो नव्हतो, ओळखतात!" त्या आनंदात त्यांनी खरंच डझनभर बांगड्या घेतल्या. मापाचा अंदाज चुकला होता, पण ते सकाळी कळलं.

अडीच वाजता स्कूटर सापडेना. मामांनी ती एका हिरव्या दिव्याच्या माळेखाली लावली होती. रमजानात चारमिनारला हिरव्या दिव्याची माळ शोधायची म्हणजे वारीत पांढरी टोपी शोधण्यासारखं. तासभर फिरलो. मामा प्रत्येक स्कूटरच्या आरशात वाकून बघायचे, जणू आत त्यांचा चेहरा राहिला असेल. शेवटी, "सकाळी गर्दी हटली की ती एकटीच उरेल," असं म्हणून त्यांनी ऑटोला हात केला. (आणि उरली तशीच. माळ निळी होती.)

आम्ही दोघं मराठीतच भांडत ऑटोजवळ गेलो. मामा म्हणाले, "हिमायतनगर."

ऑटोवाला पन्नाशीचा. तोंडातला तंबाखू थुंकून त्यानं मागं वळून विचारलं, "कोणतं?"

मामा गप्प झाले.

"बोलीवरून वाटलं, म्हणून इचारलं," तो म्हणाला. "मी भोकरचा. वाढोण्याला बहीण दिलीय. यात्रा चालू आसंल ना अजून?"

पस्तीस वर्षं मामा या शहरात आपलं हिमायतनगर सांगत आले होते. कुणी "कोणतं?" म्हणून विचारलं नव्हतं. आता विचारलं, आणि त्यांना उत्तर सुचेना. एकदा मिनाराकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. हातातल्या बांगड्यांच्या पुड्याशी जरा चाळा केला. मग, समोर गावाकडचा माणूस बघून, जीभ सवयीनं दखनीवर घसरली.

"उदर का कितना लेते?"

मला वाटलं, चेष्टा. ऑटोवाल्यालाही आधी तसंच वाटलं असावं. पण मामांचा चेहरा बघून त्यानं बोटांवर हिशोब केला आणि जो आकडा सांगितला, तो ऐकून मामा रीतसर खवळले. इतके पैसे कायकू, रस्ता चांगला झालाय, निजामाबादेवरून गेलं तर जवळ पडतं. पहाटेचे साडेतीन. घरी अण्णांच्या डोळ्यात सहाला थेंब टाकायचे होते, किल्ली माझ्या खिशात होती आणि ही घासाघीस अगदी मनापासून चालली होती.

"परवडत नाही मामा," ऑटोवाला म्हणाला. "येताना रिकामं यावं लागतंय."

"खाली कायकू आते?" मामा म्हणाले. "वापस तो मैं-च आतौं ना."