एकच तिकीट

सार्वजनिक वाहतूक या विषयावर मी फार बोलतो. इतकं, की सोसायटीची लिफ्ट बंद पडली तरी लोक माझ्याकडे खुलासा मागितल्यासारखे बघतात. ‘आज रिक्षा मिळत नव्हती’ असं कुणी नुसतं म्हटलं की मी त्याला हॅम्बुर्गला नेतो. तिथे १९६५ सालीच बस, भुयारी रेल्वे, लोकल चालवणाऱ्या निरनिराळ्या संस्था एकत्र बसल्या आणि सगळ्यांचं मिळून एक भाडं ठरवलं. प्रवाशाने एक तिकीट काढायचं, पैसे आपापसांत कसे वाटायचे ते त्यांचं ते बघतील. लंडनला बसच्या पहिल्या भाड्यात तासाभरात हव्या तितक्या बस बदलता येतात. यांतलं एकही शहर मी पाहिलेलं नाही. भाड्याचे नियम मात्र पाठ आहेत.

त्यामुळे ८ ऑक्टोबर २०२५ला ‘मुंबई वन’ ॲप आलं आणि लोकल, मेट्रो, बेस्टपासून ठाणे, नवी मुंबई, कल्याण-डोंबिवलीच्या बसपर्यंत अकरा संस्थांची तिकिटं एका ठिकाणी मिळणार असं जाहीर झालं, तेव्हा डोंबिवलीत पेढे वाटणारा मी एकटाच होतो. बायको म्हणाली, “झालं ना मनासारखं? आता तरी गप्प बसाल.”

तिचा अंदाज चुकला.

तिच्या चुलतबहिणीचा साखरपुडा बोरिवली पूर्वेला, मागाठाण्याला होता. त्यासाठी सासू-सासरे साताऱ्याहून आले. बायको आदल्या दिवशीच मदतीला गेली होती. मेव्हणा म्हणाला, “मी गाडी ठरवतो.” मी हात वर करून त्याला थांबवलं. “कशाला? लोकल, मेट्रो, मेट्रो आणि बस. सगळं माझ्या फोनवर. एकच तिकीट!” हे वाक्य मी सासऱ्यांसमोर बोललो, आणि इथेच सगळं बिनसलं. कारण आमचे नाना एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर आहेत.

नाना अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. पंचाहत्तरीपुढच्यांना एसटी फुकट, त्यामुळे साताऱ्याहून मुंबईपर्यंत त्यांना खर्च शून्य. बायकांना निम्मं भाडं, म्हणून सासूबाईंचं अर्धं तिकीट. “दोघांत मिळून अर्धं तिकीट,” नाना आल्याआल्या अभिमानाने म्हणाले होते. पुढचा सगळा दिवस हे अर्धं तिकीट माझ्या डोक्यावर बसणार आहे, हे तेव्हा कळलं नाही.

सुरुवात शेअर रिक्षाने झाली. अकरा संस्थांत ती नाही. रिक्षावाल्याने “सुट्टे द्या” म्हणून फोन बाजूला सारला. नानांनी खिशातून आमंत्रणपत्रिका काढली, तिच्या पाठीवर पेन्सिलीने आकडा लिहिला आणि पत्रिका पुन्हा खिशात ठेवली. मी म्हटलं, “हे धरू नका, नाना. खरा प्रवास पुढे आहे.” ते म्हणाले, “पैसे तर खरे होते.”

घाटकोपरला लोकलमधून उतरून मेट्रोच्या फाटकाशी आलो. फोनवर तिघांचे तीन क्यूआर कोड. मी मार्गदर्शक म्हणून पुढे झालो, माझा कोड दाखवला, फाटक उघडलं, आत गेलो. फोनही माझ्याबरोबर आत आला. सासू-सासरे बाहेर. मग फोन फाटकावरून पलीकडे दिला. तो घेताना नानांचा अंगठा पडद्यावर फिरला आणि माझाच कोड पुन्हा वर आला. यंत्राने तो नाकारला. मागून रांग वाढत होती. नाना अजून यंत्रासमोर कोड धरूनच उभे. रखवालदाराने वाकून बघितलं आणि म्हणाला, “काका, हे तिकीट वापरलेलं आहे.”

छत्तीस वर्षं वापरलेली तिकिटं पकडणाऱ्या माणसाला हे वाक्य चारचौघांत ऐकावं लागलं. नानांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यापेक्षा पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

गाडीत बसल्यावर वातावरण निवळावं म्हणून मी दरपत्रक सांगायला घेतलं. घाटकोपर ते वर्सोवा ही २०१४ची पहिली मेट्रो, ११.४ किलोमीटर, सगळी पार केली तर ४० रुपये. आता आपण बदलणार ती गुंदवलीची मेट्रो, तिथे बारा किलोमीटरपर्यंत २० रुपये.

नानांनी पेन्सिल थांबवली. “आमचा टप्पा सहा किलोमीटरचा. म्हणजे इकडं दोन टप्पे आणि तिकडंही दोन टप्पे. मग इकडं दुप्पट कशापायी?”

मी खुलासा केला, की पहिली मेट्रो खासगी भागीदारीतली, दुसरी सरकारी, लोकल केंद्र सरकारची, बस महापालिकेची. प्रत्येकाचं भाडं ठरवणारं टेबल निराळं.

“म्हणजे डेपो चार, वेबिलं चार.”

“हो, पण ॲप एक.”

“जावईबापू,” नाना शांतपणे म्हणाले, “आमची गाडी घाटात बंद पडली की पाशिंजराला मागच्या गाडीत बसवून देत होतो. ते गाडी बदलायचं, पण तिकीट तेच. पहिल्यापासून पुन्हा भाडं मोजलं असतं तर लोकांनी मला घाटातच ठेवला असता.”

हॅम्बुर्गला जे करायला मोठमोठे अधिकारी बसले, ते खंबाटकी घाटात नाना पंच वाजवत करत होते. मी तो विषय बदलून एनसीएमसी कार्डाचा काढला. देशभर कुठेही चालणारं कार्ड, २०१९ साली आलं, माझ्याकडे आहे. मोबाइलवरून त्यात पैसे भरायचे आणि मग स्टेशनातल्या यंत्रावर कार्ड टेकवून ते कार्डावर उतरवायचे.

“मग मधल्या वेळात पैसे कुठं असतात?” सासूबाईंनी विचारलं.

या प्रश्नाचं उत्तर मला येतं. तरी ते तेव्हा जमलं नाही. घरी माझा एक खण या विषयाला वाहिलेला आहे. लोकलची सीव्हीएम कूपनं, जी फलाटावरच्या यंत्रात घालून छापून घ्यायची. स्टेशनवरच्या तिकीटयंत्राचं स्मार्ट कार्ड. मेट्रोचं एक प्लॅस्टिकचं टोकन, जे माझ्याकडे कसं राहिलं ते विचारू नये. प्रत्येक वस्तू आणताना मी घरी ‘आता सगळं सोपं होणार’ असं जाहीर केलेलं आहे.

वेस्टर्न एक्स्प्रेस हायवे स्टेशनात उतरलो. इथून गुंदवलीला जायला पादचारी पूल आहे. नकाशात दोन ठिपके एकमेकांना चिकटलेले दिसतात. प्रत्यक्षात एका फाटकातून बाहेर, पूल, पुन्हा तपासणी, पुन्हा दुसरं फाटक. सासूबाईंच्या पिशवीत भेटीची पितळी समई होती. घाटकोपरच्या तपासणीत ती पडद्यावर टोकदार आणि संशयास्पद दिसली होती. पिशवी उघडून, कागद सोडून, समई काढून दाखवावी लागली. आता तोच सोहळा दुसऱ्यांदा. “अहो, आत्ताच तर दाखवली!” सासूबाई म्हणाल्या. तपासणारी मुलगी हसून म्हणाली, “ती मेट्रो वेगळी, काकू.”

नानांनी पेन्सिलीने याचीही नोंद केली असावी.

आणि हे एवढं हसण्यावारी नेण्यासारखं नाही. कुठलंही दरपत्रक घ्या, पहिला टप्पा सगळ्यात महाग असतो आणि पुढे किलोमीटरमागे दर उतरत जातो. थेट गाडीने जाणाऱ्याला तो उतार मिळतो. ज्याला चार ठिकाणी बदलावं लागतं तो चार वेळा पहिल्या टप्प्यावर उभा राहतो. लोकलचे पहिले दहा किलोमीटर दुसऱ्या वर्गात ५ रुपये, मेट्रोत शिरायचे १०, बेस्टमध्ये बसायचे मे २०२५पासून पुन्हा १०, वातानुकूलित असेल तर १२. आणि चार ठिकाणी बदलतो कोण? ज्याला स्टेशनजवळ घर परवडलं नाही तो. चार पावत्या एका फोनवर आल्या म्हणून बेरीज कमी होत नाही. अर्थात हे सगळं मी पुलावर थांबून सासऱ्यांना समजावून सांगत होतो, आणि ते तेव्हा फक्त एवढंच म्हणाले, “ज्येष्ठांना इथं सवलत नाही का?” आहे. या दुसऱ्या मेट्रोत महिन्याच्या पासावर पंचवीस टक्के. पण तो पास किमान पंचेचाळीस फेऱ्यांचा. नानांना महिनाभर इथेच येरझाऱ्या घालाव्या लागल्या असत्या.

मागाठाण्याहून शेवटची बस पकडून आम्ही पोहोचलो तेव्हा अंगठ्या घालून झाल्या होत्या आणि पहिली पंगत उठत होती. बायकोने माझ्याकडे बघून ताट वाढलं, बोलली काही नाही. मुलाचे काका शेजारी बसले होते. त्यांनी विचारलं, “डोंबिवलीहून कसे आलात?” नानांनी पत्रिका काढून सगळा मार्ग वाचून दाखवला. काका चकित झाले. “अहो, दादरला बदलायचं ना! डोंबिवली ते बोरिवली, व्हाया दादर. एकच तिकीट.”

पंगतीत शांतता पसरली, निदान मला तरी तसं वाटलं. मध्य आणि पश्चिम या १९५१पासूनच्या दोन स्वतंत्र रेल्वे. दोघींचे कारभार वेगळे, मुख्यालयं वेगळी. पण दादरचा पूल ओलांडताना कुणी तुमच्याकडे दुसरं तिकीट मागत नाही, भाडं सलग मोजलं जातं. हॅम्बुर्गचं स्वप्न डोंबिवलीच्या तिकीटखिडकीवर मिळत होतं, आणि ते मी कॉलेजात असल्यापासून वापरत आलो होतो. ते जुनं असल्यामुळे माझ्या लेखी त्यात एकात्मिक काही नव्हतं.

परतताना सूत्रं नानांनी हातात घेतली. बायको दुसऱ्या दिवशी येणार होती. नानांनी बोरिवलीच्या खिडकीवर तिघांचं मिळून एक कागदी तिकीट काढलं, घडी करून टोपीत ठेवलं. दादरला गर्दी होती, म्हणून सासूबाईंना बायकांच्या डब्यात चढवलं आणि आम्ही शेजारच्या डब्यात. मुलुंड गेलं आणि माझा फोन वाजला.

“अहो, इथं एक तिकीट तपासनीस बाई आल्यात,” सासूबाई म्हणाल्या. “मी सांगितलं, तिघांत एकच तिकीट आहे. त्या म्हणतात, ते दाखवा.”

मी डब्यांच्या मधल्या जाळीकडे झेपावलो, पण मध्ये एक अख्खं ठाणे उतरण्याच्या तयारीत उभं होतं. फोनची रेंज गेली. डोंबिवलीला उतरलो तेव्हा सासूबाई हातात पावती घेऊन उभ्या होत्या. दंड २५० रुपये आणि वर भाडं. ओटीत मिळालेल्या पाकिटातून भरलं होतं.

नानांनी पावती नीट वाचली, टोपीतलं तिकीट काढून तिच्याशी ताडून पाहिलं आणि पत्रिकेवर आकडा मांडला. मग पेन्सिल कानावर ठेवून मला विचारलं, “जावईबापू, हे कुणाच्या भरण्यात धरायचं? मध्य, की पश्चिम?”

“धरा माझ्या,” मी म्हटलं, आणि रिक्षाच्या रांगेत सुट्टे पैसे शोधू लागलो.