थांबतो तो कसला पंखा!

दिंडोरी तालुक्यात वायरमनची परीक्षा एकाच प्रश्नावर होते : "दादा, बंद तर नाही ना पडणार?" पॉलिहाऊसमधला गुलाब असो, पॅकहाऊसच्या प्रीकूलिंगमधली द्राक्षं असोत की वायनरीत आंबणारा रस, पंखा फिरत राहिला पाहिजे. मागणी रास्त आहे. उन्हाळ्यात पंखे थांबले की बंदिस्त पॉलिहाऊसची भट्टी होते. रस आंबताना सुटणारा कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड, तो तळाला साचतो आणि टाकीत वाकलेल्या माणसाला बेशुद्ध करतो.

पण केंद्रीय विद्युत प्राधिकरणाला भलतीच काळजी. त्याचे सुरक्षा नियम म्हणतात, मोटारीचा सगळा पुरवठा तोडणारा स्विच मोटारीलगतच हवा, चालवणाऱ्याचा हात सहज पोचेल असा. आमच्याकडे हा नियम तंतोतंत पाळतात, फक्त अंतराचा थोडा फरक पडतो. पंखा शेडच्या या टोकाला, स्विच त्या टोकाच्या ऑफिसात. ऑफिसला कुलूप, किल्ली मॅनेजरकडे आणि मॅनेजर नाशकात लग्नाला.

स्टार्टरची पेटी उघडून पाहा. लाईट गेली की कॉइल सुटावी आणि माणसाने हिरवं बटण दाबेपर्यंत मोटार गप्प बसावी, ही कंपनीची कल्पना. आम्ही त्या बटणात बाभळीची काडी खोचली आहे. ओव्हरलोड रिले 'सारखा ट्रिप मारतो', म्हणून त्याचा काटा शेवटच्या आकड्यावर. सिंगल फेज प्रिव्हेंटर कुरकुरला, तर त्याच्या दोन वायरी पिळून वर काळी टेप. याला 'डायरेक्ट केलं' म्हणतात. सिंगल फेजच्या पंख्याला तर स्विच न्यूट्रलवरच. स्विच बंद केला की पंखा थांबतो, फेज मात्र मोटारीपर्यंत तसाच जिवंत. हात लावणाऱ्याला ते लगेच कळतं.

काडीची पुढची पायरी म्हणजे ऑटोस्विच. तो लावू नका, कपॅसिटर लावा, असं महावितरण पंपवाल्या शेतकऱ्यांना सांगून थकलं. लाईट येताच सगळ्या मोटारी एकदम उठतात आणि डीपीवरचा ट्रान्सफॉर्मर बसतो. तोच ऑटोस्विच आता पंख्यालाही. लाईट गेलीय म्हणून कोणी पंख्याचा पट्टा बदलायला घ्यावा आणि तेवढ्यात लाईट यावी!

राष्ट्रीय बांधकाम संहिता, 2016 हिने तर कहर केला. आगीची घंटा वाजली की हवा खेळवणारी यंत्रणा बंद व्हावी, धूर बाहेर फेकणारे पंखे मात्र चालूच राहावेत. म्हणजे कोणता पंखा काय करतो हे वायरिंग करणाऱ्याला ठाऊक असायला हवं! आमच्याकडे एकच मेन स्विच. तो पाडला की धूर आत कोंडतो, नाही पाडला तर आगीला वारा मिळतो. निवड ग्राहकाची.

तपासणीच्या दिवशी काडी निघते, कवटी-हाडांचा 'धोका' फलक पुसून चकचकीत होतो. शॉक लागल्यावरच्या प्रथमोपचाराचा तक्ता सप्तशृंगीच्या फोटोमागून बाहेर येतो. साहेबांची गाडी वळली की तो परत आत. धोका आणि प्रथमोपचार, दोन्हींची जबाबदारी देवीवरच.

तेव्हा सरकारने आमची दुरुस्ती मान्य करावी :

कलम एक : जो बंद करतो तो स्विच सदोष समजावा.

कलम दोन : पंखा थांबला तर वायरमनची मजुरी कापावी, बोट तुटलं तर, बोट कोणाचं ते बघून ठरवावं.

कलम तीन : आग लागल्यास कारण 'शॉर्टसर्किट' एवढंच लिहावं. काडी, टेप, पिळलेल्या वायरी यांचा उल्लेख टाळावा. साऱ्या महाराष्ट्रात हा एकच आरोपी असा आहे, की ज्याचं नाव घटनास्थळी पोचण्याआधीच ठरलेलं असतं आणि ज्याला वाचवायला कोणालाच फोन करावा लागत नाही.