मोत्याच्या नावावर

पाऊस जरा उघडला की शांताकाकू परसात येतात, आणि त्या दिसल्या की पलीकडची मंजू हातातलं काम टाकून गडग्याशी येते. मधला गडगा जेमतेम कमरेएवढा. वाडीतली बहुतेक प्रकरणं तिथेच निकालात निघतात.

"अगो मंजू, मोत्याला काल रिक्षातून तालुक्याला नेलंत म्हणे! आमच्या ह्यांचा गुडघा दुखतो तर त्यांना एसटी, आणि कुत्र्याला रिक्षा."

"एसटीत कोण घेणार त्याला, काकू? तोंडाशी नि पुढच्या पायावर केस गेलेत बघा, गोल गोल. वर कोंडा. येईल तो लूत म्हणायचा."

"लूतच ती. काळं ऑइल लावायचं. गॅरेजवाला फुकट देतो. आमच्या वाघ्याला लावलं होतं."

"मग वाघ्या बरा झाला?"

"वाघ्या गेला. पण लुतीनं नाही हो गेला."

"काकू! कुत्रं अंग चाटतं. जळकं ऑइल पोटात गेलं म्हणजे विषच की. डॉक्टर आल्या आल्या त्यावरूनच डाफरले, मी थेंबही लावला नव्हता तरी."

"गुरांचे डॉक्टर ना? तोंडाचा फटकळ, पण माणूस सोन्यासारखा. आमच्या गाईची वार अडकली तेव्हा भर पावसात आला होता."

"तेच. त्यांनी आधी पात्यानं कातडी खरवडली आणि मायक्रोस्कोपखाली धरली. लुतीचे किडे काही सापडले नाहीत. मग खिडक्या लावून अंधार केला आणि जांभळ्या उजेडाचा दिवा धरला मोत्यावर. काकू, त्याचे केस हिरवेगार चमकले!"

"अगो बाई! भुताटकीच."

"बुरशी ती. माणसाला होतो तसला नायटा. चमकली म्हणून लगेच कळली म्हणाले, नाहीतर मातीतून येणारी असते, उंदरांकडून येणारी असते, ती ह्या दिव्याखाली चमकत नाही. तरी खात्रीसाठी चार केस उपटून पिवळट जेलीवर ठेवलेत. पांढरी बुरशी उगवून जेली लाल व्हायला लागली की परत मायक्रोस्कोपखाली बघायचं आणि जात ओळखायची. दोन-तीन आठवडे जातात त्यात. औषध मात्र कालपासूनच सुरू."

"मलम दिलं असेल."

"मलमानं भागत नाही, केसात लपते ती. इट्राकोनॅझोलच्या कॅप्सूल दिल्यात. वजनावर मोजून, किलोला ५ मिलिग्रॅम. आमचा २० किलोचा, म्हणजे रोज १०० ची एक, जेवणातून. यकृत ठीक आहे ना ते बघायला रक्तही घेतलं. शिवाय आठवड्यातून दोनदा औषधी शाम्पू, मायकोनॅझोल आणि क्लोरहेक्सिडिनचा. फेस करून १० मिनिटं तसाच ठेवायचा. आज सकाळी हे मोत्याला धरून घड्याळाकडे बघत होते. तिसऱ्या मिनिटाला मोत्यानं अंग झटकलं. हेच पांढरेफटक!"

"किती दिवस चालायचं हे?"

"केस आले म्हणून थांबायचं नाही. जेलीवरची तपासणी दोनदा स्वच्छ यायला हवी. दीड-दोन महिने धरून चला म्हणाले. तसं धडधाकट कुत्र्याचं आपोआपही बरं होतं काही महिन्यांत, पण तोवर घरभर बी सांडत फिरणार. आणि घरात आमचा बंड्या. त्याच्या हातावर उठलंच एक चकंदळ."

"तुझ्या दिरालाही मोत्यानंच दिलं, असं शेवंता सांगत होती."

"शेवंताला काय जातं बोलायला? भावजींचा नायटा मुंबईचा आहे, वर्षाचा जुना. आणि कुठे, तर जांघेत."

"जांघेत कुत्रा कशाला जाईल!"

"तेच म्हणते मी. माणसांत हल्ली पसरलाय तो बहुतेक माणसाकडूनच माणसाला. खोलीत चौघांत एक टॉवेल, वर दमट कपडे. आणि मेडिकलमधून आणलेली ती ट्यूब. तीत स्टेरॉइड असतं, काकू. खाज थांबते, लाली जाते, माणूस खूश. आतून बुरशी मोकाट. २०१८ पासून तसली मलमं चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत असा नियम आहे, पण मागितली की पुडीत बांधून मिळतात. आणि ऐका पुढचं, भावजींनी तीच ट्यूब मोत्याला लावली! माझ्या नकळत, आठवडाभर. सुपारीएवढं होतं ते बशीएवढं झालं."

"काळं ऑइल परवडलं म्हण की."

"दोन्ही नको, काकू."

"बरं, त्या मुंबईकरांच्या बंगल्यातल्या लॅब्रडॉरलाही हेच का? परवा फाटकातून वास आला, ओकारीच आली मला."

"त्याचं वेगळं. त्याची बुरशी यीस्टची. ती प्रत्येक कुत्र्याच्या कातडीवर असतेच, पावसाळ्यात ओले कान, चिकट कातडी मिळाली की माजते. ती दुसऱ्याला सहसा लागत नाही. पण मुळात ॲलर्जी असेल तर कानात कितीही थेंब घाला, परत उलटते. दर जुलैला इथे आणतात, दर जुलैला कान सडतात."

"पैसा आहे, सडू दे. आपल्याला काय करायचंय?"

"आपल्याला घर धुवायचंय. गळलेल्या केसांत ती कोरड्या जागी दीड वर्षसुद्धा तग धरते. झाडूनं उडते म्हणून ओल्या फडक्यानं केस उचलायचे, फरशीवर पातळ ब्लीच. मोत्याचं गोणपाट मी जाळलं कालच."

"गोणपाट जाळलंस? आमची मनी त्यावरच निजते दुपारची."

मंजू जरा थांबली.

"तेच सांगायचं होतं, काकू. डॉक्टरांनी पहिलं विचारलं ते मांजराबद्दल. हिरवी चमकणारी बुरशी कुत्र्यापेक्षा मांजरातच जास्त. कितीदा तर मांजराच्या अंगावर काही दिसत नाही आणि ते वाटत सुटतं."

"माझी मनी? तिच्या अंगावर डाग दाखव एक!"

"दिसत नाही म्हणूनच तपासायचं. दातांचा नवा कोरा ब्रश घ्यायचा, तिला सगळीकडून विंचरायचं आणि ब्रश डॉक्टरांकडे द्यायचा. ते तो जेलीवर टेकवतात. मनीला कुठे न्यायला नको."

"मांजरीला नवा ब्रश! आमचे हे अजून गेल्या शिमग्याचा वापरतायत." काकूंनी मागे वळून पाहिलं. मनी तुळशीकट्ट्यावर पाय चाटत बसली होती. "बरं, आण ब्रश संध्याकाळी. पण शेवंतानं विचारलं तर मोत्याचंच नाव सांग हो."