स्वस्त डिजिटल घड्याळाचे माहात्म्य

मनगटी घड्याळांचे स्थूलमानाने दोन वर्ग पडतात: वेळ पाहण्यासाठी घेतलेली घड्याळे आणि इतरांनी पाहावीत म्हणून घेतलेली घड्याळे. स्वस्त डिजिटल घड्याळ, म्हणजे काटे नसलेले, राखाडी पटलावर काळे आकडे उमटवणारे, प्लास्टिकच्या पट्ट्याचे आणि हजार-दीड हजार रुपयांच्या आसपास मिळणारे घड्याळ, दीर्घकाळ निःसंशय पहिल्या वर्गात मोडत असे. परंतु अलीकडे ते दुसऱ्या वर्गातही बिनबोभाट जाऊन बसले आहे, आणि खिशातला मोबाइल फुकटात वेळ सांगत असतानाही त्याला गिऱ्हाईक मिळत आहे, ही गोष्ट गंभीर विवेचनास पात्र आहे.

या घड्याळाची वंशावळ चाळली असता त्याचे घराणे मूळचे चांगलेच खानदानी असल्याचे आढळते. अमेरिकेतील हॅमिल्टन कंपनीने १९७२ मध्ये विक्रीस आणलेले ‘पल्सर’ हे पहिले डिजिटल मनगटी घड्याळ १८ कॅरट सोन्याचे होते, त्याची किंमत २,१०० डॉलर होती आणि पुढच्याच वर्षी ‘लिव्ह अँड लेट डाय’ या चित्रपटात त्याचे पुढचे मॉडेल रॉजर मूर यांच्या जेम्स बाँडच्या मनगटावर झळकले. त्यातील आकडे प्रकाशोत्सर्जक डायोडांचे, म्हणजे वीज मिळताच स्वतः उजळणाऱ्या सूक्ष्म दिव्यांचे असत, आणि हे दिवे सेलमधली वीज इतक्या वेगाने संपवत की ते सतत पेटते ठेवणे शक्यच नव्हते. त्यामुळे बटण दाबल्याखेरीज वेळ दिसत नसे, आणि एका हातात घड्याळ व दुसऱ्या हातात पिशवी असलेल्या धनिकाला किती वाजले हे शेजारच्या फाटक्या माणसाला विचारण्यावाचून गत्यंतर नसे. पुढे किमतींनी जी घसरगुंडी धरली ती अशी की, १९७६ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचे प्लास्टिकचे डिजिटल घड्याळ २० डॉलरना मिळू लागले. त्याच सुमारास द्रवस्फटिक पटलाने दिव्यांची जागा घेतली. हे पटल स्वतः प्रकाश देत नाही, बाहेरून येणारा प्रकाश जागोजागी अडवून तेवढ्यावर आकडे काढते, आणि अशा रीतीने दुसऱ्याच्या उजेडावर भागवत असल्यामुळे त्याचा वीजखर्च नगण्य राहून वेळ अष्टौप्रहर दिसू लागली.

या परंपरेतील सर्वांत यशस्वी वंशज म्हणजे जपानच्या कॅसिओ कंपनीचे १९८९ मधील ‘एफ-९१डब्ल्यू’. र्‍युसुके मोरिआई यांनी रेखाटलेले हे घड्याळ अवघे २१ ग्रॅम वजनाचे आहे, त्याचा सेल सुमारे सात वर्षे चालतो आणि महिन्याला अर्ध्या मिनिटापेक्षा अधिक चूक ते सहसा करीत नाही. या अचूकतेचे श्रेय क्वार्ट्झला, म्हणजे गारगोटीच्या कुळातील एका स्फटिकाला द्यावे लागते. वीज मिळाली की हा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो, आणि ही संख्या ओळीने पंधरा वेळा निम्मी केली की बरोबर एक उरत असल्यामुळे घड्याळाला सेकंद मोजणे सोपे जाते. असा स्फटिक महागड्या क्वार्ट्झ घड्याळांतही असतो, तेव्हा लाख रुपये मोजणाऱ्याला अधिकची वेळ मिळत नाही, त्याच वेळेला फक्त चांगली पेटी मिळते.

प्रस्तुत घड्याळाच्या अन्य सोयी जवळून पाहिल्या तर त्यांच्या निर्मात्याची संयमशीलता ध्यानी येते. डाव्या बाजूचे बटण दाबले की आत एक हिरवट दिवा लागतो, परंतु तोही डाव्याच बाजूला बसवलेला असल्याने अंधारात तास स्पष्ट दिसतो आणि मिनिटे अनुभवाने ताडावी लागतात. गजराचा आवाज एवढा सौम्य आहे की आधीच जागा असलेल्या माणसालाच तो जागे करू शकतो. घड्याळाच्या तोंडावर पाण्यापासून संरक्षणाची ग्वाही इंग्रजीत छापलेली असली, तरी तिचा आवाका घाम, पाऊस आणि बेसिनचा नळ इतकाच आहे; पाण्याशी या घड्याळाचे संबंध सौजन्याचे आहेत, सलगीचे नाहीत. तासागणिक होणारी ‘पिप-पिप’ मात्र, दिवसभर कुणाच्या कानी न पडता, सभागृहात श्रद्धांजलीचे मौन पाळले जात असताना शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचते, आणि सभेत अशी चार घड्याळे असतील तर प्रत्येकाची अर्ध्या मिनिटाची मुभा निरनिराळी असल्याने ती चौघे एकामागून एक आपापले नऊ वाजवतात.

महाराष्ट्रात आणि गोव्यात हे घड्याळ रुळले ते आयातीवर कडक निर्बंध असलेल्या काळात. दुकानात रीतसर मिळत ती एचएमटीची चावीची घड्याळे. डिजिटल घड्याळ येई ते मुंबईच्या चोरट्या बाजारातून, नाहीतर आखाती देशांत नोकरीला असलेल्या नातलगाच्या बॅगेतून, आणि कोकणात व गोव्यात असा एखादा नातलग घरटी नसला तरी वाडीगणिक असेच. सुटीवर आलेल्या मामाने आणलेले असे घड्याळ मनगटावर चढले की त्या मुलाला पुढचे पंधरा दिवस वेळ पाहण्याखेरीज दुसरे काम उरत नसे आणि वर्गातल्या इतरांना त्याला वेळ विचारण्याखेरीज.

मराठी समाजाची वेळ सांगण्याची रीत या यंत्राला कितपत मानवणारी होती, हा उपप्रश्न येथे विचारात घेणे क्रमप्राप्त आहे. घरगुती व्यवहारात मराठी माणूस पाव तासाच्या मापाने जगतो. त्याचा दिवस सव्वासात, साडेनऊ, पावणेपाच अशा ऐसपैस पायऱ्यांनी उतरत जातो, आणि ‘चार सत्तेचाळीस’ असे उत्तर देणारा मुलगा वडीलधाऱ्यांना आगाऊ वाटतो. तथापि याच समाजाने मिनिटाचा काटेकोरपणा दोन ठिकाणी प्राणपणाने जपला आहे. एक म्हणजे मुंबईची लोकल: आठ बाराची फास्ट ही आठ तेराला दुसऱ्याच लोकांची गाडी असते, हे जाणणारा डोंबिवलीकर घड्याळाला आकडे फुटण्याच्या कितीतरी आधीपासून मनाने डिजिटल झालेला होता. दुसरे म्हणजे लग्नाचा मुहूर्त, जो पूर्वी घटिकापात्राने, म्हणजे बुडाला बारीक छिद्र असलेल्या आणि पाण्यात सोडल्यावर चोवीस मिनिटांत बुडणाऱ्या वाटीने साधला जाई, आणि आज पत्रिकेत ‘दुपारी १२ वाजून ३१ मिनिटांनी’ असा छापला जातो. प्रत्यक्षात त्या मिनिटाला नवरदेवाची मिरवणूक बँडसह कोपऱ्यावरच असते, परंतु ती किती उशिरा पोहोचली हे मिनिटासेकंदासह सांगता यावे, यासाठी वधूपक्षाच्या मनगटावर डिजिटल घड्याळ असणे उपयुक्त ठरते.

आता मूळ प्रश्नाकडे, म्हणजे या घड्याळाचे आकर्षण टिकून का राहिले याकडे वळता येईल. सर्वांत प्रचलित उपपत्ती स्मरणरंजनाची आहे: माणसे आपले बालपण मनगटावर बांधू पाहतात, असे ती सांगते. परंतु हे घड्याळ आज हौसेने घालणाऱ्यांत विशीतील तरुणतरुणी पुष्कळ आहेत, आणि ज्या काळी आपण जन्मलोच नव्हतो त्या काळाची आठवण येणे हा पुनर्जन्म मानणाऱ्या देशातही थोडा अवघड दावा आहे. शिवाय रेट्रो, म्हणजे जुन्या धाटणीची पुन्हा रूढ झालेली वस्तू, ही आधी अस्तंगत व्हावी लागते. हे घड्याळ कारखान्यातून कधी गेलेच नाही, फॅशन तेवढी जगभर भटकून त्याच्या दारी परत आली.

दुसरी उपपत्ती साधेपणाच्या प्रदर्शनाची आहे, आणि मोटारीतून उतरणाऱ्या उद्योजकाच्या मनगटावर हे घड्याळ पाहणाऱ्याला ती पटते. मात्र याच घड्याळाची ‘फर्स्ट कॉपी’, म्हणजे मुळाबरहुकूम केलेली नक्कल, फुटपाथवर घासाघीस करून घेणाऱ्या विद्यार्थ्याला ती लागू पडत नाही. मुळात घड्याळावरून माणूस ओळखणे हेच बेभरवशाचे आहे, आणि तसा सर्वांत गंभीर प्रयत्न अमेरिकी सैन्याने केला. २०११ मध्ये उघड झालेल्या ग्वांतानामो बे तुरुंगाच्या कागदपत्रांत, हे घड्याळ किंवा त्याचे रुपेरी भावंड जवळ असणे हे बॉम्ब बनवण्याच्या प्रशिक्षणाचे संभाव्य लक्षण मानलेले होते. लाखो शाळकरी मुले, रिक्षावाले आणि खुद्द सैनिक जे घड्याळ घालतात त्याला पुरावा मानायचे, तर संशयितांच्या यादीऐवजी जनगणनाच हाती घ्यावी लागली असती.

अधिक समाधानकारक उत्तर या घड्याळाच्या अज्ञानात सापडते. स्मार्टवॉच, म्हणजे मोबाइलशी जोडलेले आणि नाडीपासून झोपेपर्यंत सर्व गोष्टींची नोंद ठेवणारे घड्याळ, मालकाविषयी इतके जाणते की रोज रात्री त्याला चार्जिंगला लावताना मालक किंचित ओशाळलेला असतो. दुपारी तीनला ते त्याला उठून चालायला सांगते आणि सकाळी रात्रीच्या झोपेचे गुण दाखवते. स्वस्त घड्याळाला मालक झोपला की मेला याच्याशी कर्तव्य नाही. त्याला कुणाचा निरोप येत नाही, त्याची नवी आवृत्ती डाउनलोड करावी लागत नाही, आणि सात वर्षांनी डोळ्याला भिंग लावून बसलेला दुरुस्तीवाला नवा सेल बसवतो, त्यात त्याच्या सर्व मागण्या पुऱ्या होतात. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेला साधे मनगटी घड्याळ चालते आणि स्मार्टवॉच चालत नाही, यावरून काहीही ठाऊक नसणे ही या देशात अधिकृतरीत्या मान्य झालेली पात्रता असल्याचे दिसते, जरी ती केवळ घड्याळापुरती असली तरी.

या अज्ञानाला एक सीमा आहे आणि ती दर चार वर्षांनी येते. एफ-९१डब्ल्यूला वार, तारीख आणि महिना कळतो, परंतु वर्ष कळत नाही. त्याच्या लेखी फेब्रुवारी सदैव २८ दिवसांचा असतो, त्यामुळे लीप वर्षात ते २९ तारीख गाळून सरळ मार्चमध्ये शिरते आणि मालकाने लक्ष न दिल्यास पुढचे सगळे दिवस एका तारखेने पुढे राहते. ही चूक १ मार्चला सुधारू पाहणाऱ्याच्या असे लक्षात येते की, पटलावरच्या २ चा १ करण्याची सोयच घड्याळात नाही. आकडे बटणाने फक्त पुढे सरकतात, म्हणून ३, ४, ५ असे करत ३१ पर्यंत जाऊन मगच १ गाठावा लागतो. जुना काळ परत मिळावा म्हणून हे घड्याळ घेणाऱ्या ग्राहकाला दुकानदाराने ही गोष्ट बिल करण्यापूर्वीच सांगणे व्यापारी नीतीला धरून होईल.