वाय-फायचं नाव लपवणाऱ्या अपडेटास खुले पत्र

श्रीयुत अपडेटराव,



रात्री आमच्या लॅपटॉपात आपलं शुभागमन झालं आणि सकाळपासून आमची जुनी स्क्रिप्ट बावचळली. तिचं काम ते किती! चालू वाय-फायचं नाव विचारायचं. घरचं असेल तर बॅकअप सुरू, मोबाईलचा हॉटस्पॉट असेल तर बंद. मोरा बंदरातून सुटणाऱ्या लाँचमध्ये किंवा नेरुळच्या लोकलमध्ये डेटा उडू नये, एवढीच तिची महत्त्वाकांक्षा.

आता तिने नाव विचारलं की आपण सांगता, ‘वाय-फाय जोडलेलंच नाही.’ आणि त्याच वाय-फायवरून स्वतःचा पुढचा हप्ता उतरवून घेता!

आपली काळजी कळते हो. राउटरांची नावं आणि ठिकाणं नोंदवलेल्या मोठाल्या याद्या आहेत. त्यांवरून माणूस कुठे बसलाय ते काढता येतं. म्हणूनच अँड्रॉइड ९ (२०१८) आणि आयओएस १३ (२०१९) यांत ॲपला हे नाव वाचायला सहसा लोकेशनची परवानगी लागते. पण ॲप निदान विचारतं, आपण हो-नाही म्हणतो. आमच्या गरीब स्क्रिप्टने विचारायचं कुठे?

आणि गुपित तरी केवढं! राउटर स्वतःचं नाव सेकंदाला साधारण दहा वेळा हवेत पुकारतो. शेजाऱ्यांच्या फोनला ते दिसतं, रस्त्यावरच्या रिक्षावाल्याच्या फोनला दिसतं. बिल भरणाऱ्याच्या स्क्रिप्टला तेवढं दिसू नये, ही आपली कृपा. पलीकडे न्हावा-शेव्याला येणारी अजस्र कंटेनर जहाजं एआयएस या जहाज-ओळख यंत्रणेवरून आपलं नाव, ठिकाण, वेग साऱ्या जगाला सांगत येतात. आमच्या राउटरची अब्रू मात्र जपायलाच हवी!

बरं, बंदोबस्त तरी पक्का? नाव मिळेना, तेव्हा स्क्रिप्टने लॅपटॉपातल्याच एआरपीच्या (जाळ्यातल्या उपकरणांच्या पत्त्यांच्या) यादीतून राउटरचा हार्डवेअर पत्ता उचलला आणि घर ओळखलं. नाव काय, बत्तीस बाइटांत बसेल ते कुणीही ठेवावं. हा पत्ता त्याहून नेमका. म्हणजे आपल्या पहाऱ्यामुळे आम्ही अधिकच ठळकपणे ओळखू येऊ लागलो. अभिनंदन!

मागणी एकच. नाव द्यायचं नसेल तर ‘परवानगी नाही’ असं स्वच्छ छापा. न्हावा-शेव्याच्या बंदरासाठी जमिनी गेल्या तेव्हापासून उरणकरांना नकार ऐकायची सवय आहे. स्क्रिप्टला मात्र खोट्याची सवय नाही. आपण सांगाल ते खरं मानून ती पुढच्या कामाला लागते.

कळावे, लोभ नसला तरी चालेल.

आपला,
एक उरणकर